आगरदांड्याहून घाटावर : एका वाटेचा इतिहास

आगरदांड्याच्या जेटीवर दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीची वाट पाहणारी माणसे बहुधा पश्चिमेकडे तोंड करून उभी राहतात. तिकडे खाडीचे मुख आहे, समुद्र आहे, राजपुरीसमोर पाण्यात उभा असलेला जंजिरा आहे. आम्ही मात्र गेली काही वर्षे इथे आलो की पाठ फिरवून पूर्वेकडे पाहतो. तिकडे खाडी डोंगरांमधून आत शिरते, तिला फाटे फुटतात, आणि सरळ रेषेत सुमारे ५० किलोमीटरवर सह्याद्रीची भिंत उभी राहते. आमच्या मनातला प्रश्न अगदी साधा होता. रस्ते नव्हते, मोटारी नव्हत्या, त्या काळी इथल्या मिठाची एक गोणी घाटावर कशी पोहोचत असेल? कोणत्या वाटेने, किती दिवसांत, कोणाच्या पाठीवर?

प्रश्न साधा असला तरी उत्तर शोधताना आम्हाला भूगोल, भूशास्त्र, शिलालेख, शरीरशास्त्र आणि थोडे पंचांगही उघडावे लागले. वर्गात इतिहास आणि विज्ञान वेगवेगळ्या तासांना शिकवले जातात. वाटेला ते ठाऊक नसते.

सुरुवात गावाच्या नावापासूनच करता येते. कोकणात आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग, आणि आगर म्हणजे मीठ पिकवण्याची जागाही. दांडा म्हणजे पाण्यात शिरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. जुन्या कागदांत या परिसराचे नाव ‘दंडा-राजपुरी’ असे जोडीने येते. म्हणजे गावाच्या नावातच माल आहे आणि तो चढवायची जागाही आहे.

ही खाडी मुळात बुडालेली दरी आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटचे हिमयुग ऐन भरात असताना जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा इथे नदी वाहत होती आणि किनारा बराच पश्चिमेला होता. हिम वितळले, समुद्र वर आला आणि नदीचे खोरे पाण्याने भरले. त्याचा फायदा असा झाला की खारे पाणी डोंगरांच्या कुशीपर्यंत गेले. एक फाटा म्हसळ्याकडे, दुसरा कुड्याच्या डोंगराखालून मांदाडकडे. घाटाकडे जाणाऱ्या वाटेचा पहिला टप्पा त्यामुळे पायी चालायचाच नव्हता. तो पाण्यावरचा होता आणि त्याचे वेळापत्रक चंद्राच्या हाती होते.

खाडीत होडी वल्हवत नेण्यापेक्षा भरतीवर सोडून देणे कधीही शहाणपणाचे. भरतीचे पाणी सुमारे सहा तास आत चढते, तेवढाच वेळ ओहोटीला उतरते. भरतीबरोबर मांदाडला जायचे, माल उतरवायचा, ओहोटीबरोबर परत. पण भरती केव्हा? यासाठी कोकणात एक सोपा हिशेब आहे, जो आजही जुन्या माणसांना तोंडपाठ असतो : तिथीला चाराने भागा आणि तिनाने गुणा, येईल ते पूर्ण भरतीचे तास. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. दिवसा आणि रात्रीही.

हा हिशेब वर्गात तपासून पाहण्यासारखा आहे. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत ३० तिथी होतात, आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ घड्याळात पूर्ण २४ तास मागे पडून पुन्हा पहिल्या जागी येते. म्हणजे एका तिथीला २४ भागिले ३०, अर्थात ४८ मिनिटे. आजोबांच्या सूत्रात ती ४५ मिनिटे धरली आहेत. दर तिथीला ३ मिनिटांची चूक. चतुर्थीला ती १२ मिनिटांची होते, कोणाच्या लक्षातही येणार नाही. पौर्णिमेला मात्र सूत्र सव्वाअकरा सांगते आणि पाणी बाराच्या सुमारास पूर्ण चढते. मग पुढच्या पंधरवड्यात मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते आणि साठलेली चूक पुसली जाते. दोन आठवड्यांनी स्वतःला दुरुस्त करणारे सूत्र! वारा, खाडीची लांबी, गाळ यांमुळे प्रत्येक गावाला थोडा फरक पडतो तो वेगळाच. तो तिथला नावाडी अनुभवाने मिळवतो.

भरतीवर आत जाताना कुड्याच्या डोंगरातली लेणी लागतात. इथे २६ लेणी आहेत. बहुतेक इसवी सनाच्या आगेमागे काही शतकांत कोरलेली, आणि त्यात सहाव्या शतकाच्या सुमाराची काही शिल्पे नंतर घातलेली. पर्यटकाला ही लेणी अजिंठ्याच्या मानाने साधी वाटतात. आम्हाला मात्र इथल्या भिंतींवरचे ब्राह्मी लेख सोडून निघवत नाही, कारण त्यात राजांपेक्षा कामधंद्याची माणसे जास्त आहेत. स्थानिक सत्ताधारी ‘महाभोज’ घराण्यातले लोक आहेत, त्यांच्या नावाबरोबर ‘मांदव’ हा शब्द येतो आणि तो अभ्यासकांनी मांदाडशी जोडला आहे. पण त्यांच्याबरोबर एक वैद्य आहे, माळी आहे, श्रेष्ठी आहे, एका ब्राह्मण उपासकाची पत्नी आहे, भिक्षुणी आहे. आणि आमच्या प्रश्नासाठी सर्वांत महत्त्वाचे दोन दाते आहेत : नाग नावाचा एक सार्थवाह, आणि महिक नावाचा एक लोहवणिज, म्हणजे लोखंडाचा व्यापारी. हा महिक स्वतःला ‘करहाकड’चा म्हणवतो. करहाकड म्हणजे आजचे कऱ्हाड.

सार्थ म्हणजे मालाचा तांडा आणि सार्थवाह म्हणजे त्याचा नायक. तांड्याचा नायक डोंगराआड दडलेल्या खाडीकाठच्या विहाराला दान देतो, याचा अर्थ तांडे इथवर येत होते. आणि कऱ्हाडचा लोखंडवाला? कऱ्हाड आणि कुडे यांत सरळ रेषेत सुमारे १६० किलोमीटर अंतर आहे, मध्ये अख्खा सह्याद्री आडवा. ओझ्याच्या जनावरांसह रोज २० किलोमीटर चालले आणि वाट वळणावळणाने दीडपट लांब धरली, तर १२ दिवसांचा प्रवास. एवढ्या लांबून येणारा माणूस एकदाच आला आणि दान देऊन गेला, असे मानणे अवघड आहे. त्याचे इथे नित्याचे येणे-जाणे असणार.

पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या मार्गदर्शिकेत चौलच्या पुढच्या बंदरांत ‘मंदगोर’ हे नाव येते. काही अभ्यासक ते मांदाड मानतात, काही बाणकोटच्या बाजूला नेतात. आमचा कल मांदाडकडे आहे, पण हा वाद इथे सोडवायची गरज नाही. नाणेघाटातला सातवाहनांचा लेख आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण पाठ्यपुस्तकात असतो, म्हणून नाणेघाट सगळ्यांना ठाऊक आहे. सोपारा आणि कल्याणला जसा नाणेघाट, तसे दक्षिणेच्या प्रत्येक खाडीला तिचे घाट होते. आमच्या खाडीचे घाट पाठ्यपुस्तकात आले नाहीत, एवढेच.

मांदाडपासून पुढे जमीन सुरू होते. हा मधला पट्टा आम्ही भराभर ओलांडतो : तळे गाव आणि त्याच्या डोक्यावरचा तळगड, शेजारी घोसाळगड, मग इंदापूर, माणगाव, निजामपूर. तळगड आणि घोसाळगड नकाशावर ठेवून पाहिले, तर ते खाडी आणि घाट यांच्या मध्ये पहारेकऱ्यासारखे बसलेले दिसतात. किल्ला एकटा पाहिला की तो लढाईचा वाटतो. वाटेच्या संदर्भात पाहिला की जकातीचा आणि रखवालीचा वाटतो. निजामपूरजवळचा मानगड असाच कुंभा घाटाच्या तोंडावर आहे आणि उत्तरेला ताम्हिणीच्या बाजूच्या वाटांवर कुर्डूगड.

इथून खरी भिंत सुरू होते, आणि इथे थोडे भूशास्त्र लागते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचा बेसाल्ट तयार झाला. हे थर जवळजवळ आडवे आहेत. प्रत्येक थराचा मधला भाग कठीण आणि भरीव असतो, वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, लवकर झिजणारा. पाऊस अशा रचनेला झिजवतो तेव्हा कठीण भागाचा उभा कडा राहतो आणि मऊ भागाची आडवी पायरी. म्हणूनच या खडकाला भूशास्त्रात ‘ट्रॅप’ म्हणतात, जिना या अर्थाच्या स्कँडिनेव्हियन शब्दावरून. आपल्या भाषेत या पायरीला पदर म्हणतात. तो शब्द आम्हाला जास्त आवडतो.

घाट चढणाऱ्याचा सगळा खेळ म्हणजे एका पदरावरून पुढच्या कड्यातली फट शोधणे. कोकणच्या मावळतीकडच्या उतारावर जमिनीतल्या जुन्या भेगा आणि त्यांत घुसलेल्या लाव्ह्याच्या उभ्या भिंती पुष्कळ आहेत. अशा दुबळ्या रेषेवर पाणी खोदत जाते आणि कड्यात वरपासून खालपर्यंत अरुंद घळ पडते. ती नाळ. रायगड-लिंगाण्याच्या परिसरातली बोराट्याची नाळ, सिंगापूरची नाळ ही गिर्यारोहकांना माहीत असलेली नावे. दुसरा मार्ग डोंगराच्या पुढे आलेल्या धारेवरून, म्हणजे सोंडेवरून. नाळ जवळची, पण खडी आणि सुट्या दगडांची. रिकाम्या हाताच्या माणसाला चालते, लादलेल्या बैलाला नाही. सोंडेची वाट लांब, पण जनावराच्या पायाला झेपणारी. त्यामुळे एकाच दरीत अनेकदा दोन वाटा सापडतात, एक माणसाची आणि एक बैलाची. पाणीही याच रचनेमुळे मिळते. दोन थरांच्या मध्ये विटेच्या रंगाचा मातकट पट्टा असतो, वरून झिरपणारे पाणी त्याच्यावर अडते आणि कडेला पाझरते. जुनी टाकी अशा जागी खोदलेली दिसतात.

वाट किती खडी असावी, याला काही नियम आहे का? गाडीरस्ता २० मीटरला १ मीटर चढतो असे धरू. कोकणातल्या पायथ्यापासून माथा ६०० मीटर उंच असेल, तर १२ किलोमीटर रस्ता लागेल. बैलगाडीचा किंवा मोटारीचा घाट म्हणूनच लांब आणि वळणांचा असतो. पाऊलवाट एवढी सौम्य का नसते? माणूस आळशी असता तर त्याने पायवाटही सावकाश वर नेली असती.

याचे उत्तर आल्प्स पर्वतात सापडले. इटलीतील शरीरशास्त्रज्ञ रोदोल्फो मार्गारिया यांनी १९३८ मध्ये चढउतारावर चालताना माणसाला किती ऊर्जा लागते याची मोजमापे प्रसिद्ध केली होती. त्यांच्याच आधारे अल्बेर्तो मिनेत्ती यांनी १९९५ मध्ये एक प्रश्न विचारला : ठरावीक उंची गाठायची असेल, तर कमीत कमी दमवणारा चढ कोणता? हिशेब आला सुमारे २५ टक्के, म्हणजे ४ मीटर पुढे जाताना १ मीटर वर. अंशांत साधारण १४. यापेक्षा फारच सौम्य वाट केली तर चालण्याच्या झोक्यातच शक्ती वाया जाते आणि अंतरही वाढते. फार खडी केली तर स्नायूंवर ताण येतो. मग त्यांनी डोंगरातल्या प्रत्यक्ष पायवाटा मोजल्या. त्या या आकड्याशी जुळल्या. शतकानुशतके ओझी वाहणाऱ्या माणसांनी आणि खेचरांनी तोच चढ पायांनी शोधून काढला होता.

या हिशेबानुसार अशा वाटेवर माणूस सेकंदाला सुमारे ०.१६ मीटर वर चढतो. ६०० मीटरला तासाभराहून थोडा जास्त वेळ. गंमत म्हणजे स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये, कोणतेही यंत्र न वापरता, निव्वळ अनुभवावर एक नियम दिला होता : दर ३ मैलांना एक तास, आणि दर २००० फूट चढाईला आणखी एक तास. २००० फूट म्हणजे ६१० मीटर! नेस्मिथ आडव्या अंतराचा वेळ वेगळा मिळवतात, त्यामुळे त्यांचा एकूण आकडा दीड तासापर्यंत जातो. पण चढाच्या वेळेतले साम्य नजरेत भरण्यासारखे आहे.

शिक्षकांना हे नकाशावर करून दाखवता येईल. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ५० हजारांस १ प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषांमध्ये २० मीटरचे अंतर असते. वाट २५ टक्क्यांनी चढत असेल, तर ती दर ८० मीटरला, म्हणजे कागदावर १.६ मिलिमीटरला, एक रेषा ओलांडेल. तुटक रेषेने दाखवलेल्या घाटवाटेवर दोऱ्याचा तुकडा ठेवून मुलांना मोजू द्यावे. ती कोणत्या जागी ‘बैलाची’ आहे आणि कोणत्या जागी ‘माणसाची’ झाली, हे मुले स्वतः सांगतात.

आता मिठाच्या गोणीचा हिशेब पुरा करू. एका भरतीत आगरदांडा ते मांदाड. मांदाडपासून घाटाचा पायथा वळणे धरून ३५-४० किलोमीटर. लादलेल्या बैलाला दोन मुक्काम. चौथ्या दिवशी पहाटे घाट. म्हणजे आगरातून निघालेले मीठ चौथ्या दिवशी घाटमाथ्यावर. बरोबर सुकट, बोंबील, नारळ. उतरताना ज्वारी, हरभरा, गूळ, घोंगड्या. आल्प्समध्येही हेच होते. तिकडच्या खिंडींतून खेचरांचे तांडे मीठ आणि मद्य घेऊन जात. मीठ समुद्राकाठी किंवा खाणीतच मिळते आणि लागते मात्र सगळ्यांना. जगातल्या किती वाटा मिठाने पाडल्या असतील याचा हिशेब नाही.

माल जातो त्या वाटेने सैन्यही जाते, आणि बातमीही. शिवाजी महाराजांनी दंडा-राजपुरीचा किनारा घेतला होता, जंजिरा मात्र हाती आला नाही. १६७१ मध्ये होळीच्या सुमारास सिद्दीने रात्री छापा घालून दंडा-राजपुरी परत घेतली. त्या वेळी दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि २० कोसांवर झोपलेले महाराज त्या आवाजाने जागे झाले, अशी कथा खाफीखान या मुघल इतिहासकाराने दिली आहे. कथा खरी असो वा नसो, तिच्यात एक चांगले उदाहरण दडले आहे. रायगड ते दंडा सरळ रेषेत सुमारे ५० किलोमीटर. सेकंदाला ३४० मीटर या वेगाने ध्वनीला अडीच मिनिटे लागतील. जासूदाला तेच अंतर खाडी, शेत, जंगल ओलांडून कापायला रात्र आणि दिवस लागला असता. त्या काळच्या राजकारणात या फरकाचे वजन किती होते, याची कल्पना मुलांना या एका गणिताने येते.

१६८२ मध्ये संभाजी महाराजांनी जंजिऱ्यासमोरच्या खाडीत दगड टाकून सेतू बांधायचा प्रयत्न केला. काम चालू असतानाच मुघल फौजा घाट उतरून कोकणात आल्या आणि महाराजांना तिकडे वळावे लागले. वाटा आपल्या बाजूने उघड्या असतात तेव्हा शत्रूच्या बाजूनेही उघड्या असतात. पुढे १७३३ च्या उन्हाळ्यात पहिले बाजीराव पुण्याहून निघून राजपुरीवर चालून आले; त्याच वर्षी रायगड मराठ्यांच्या ताब्यात आला. पण मोहिमेला पावसाळ्याने गाठले. ज्या वाटेवर दोन कड्यांमधला प्रत्येक पदर धबधब्याखाली जातो, तिथे जून ते सप्टेंबर तोफाच काय, दाण्याची गोणीही नेता येत नाही. इतिहासाच्या पुस्तकात तहाच्या तारखा असतात, पावसाच्या नसतात, ही आमची जुनी तक्रार आहे.

वाटा मोडल्या त्या लढायांनी नाही. १८३० मध्ये मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे गेली. एका बैलाच्या पाठीवरचा माल आणि एका गाडीतला माल यांत जो फरक, तोच आता सगळ्या लहान घाटांच्या वाट्याला आला. पुण्याकडचा व्यापार उत्तरेला सरकला. पुढे मुळशीच्या धरणाने मुळेच्या खोऱ्यातली गावे आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा पाण्याखाली नेल्या. त्याविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला हे आपण शिकवतो, पण ताम्हिणी चढून पुण्याला जाणाऱ्याची जुनी वाटही त्या खोऱ्यातून होती, हे सांगायचे राहते. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान विलीन झाले. १९९८ पासून कोकण रेल्वे इंदापूर-माणगाववरून पूर्ण लांबीने धावू लागली. दिघीहून म्हसळा, माणगाव, ताम्हिणी असा पुण्याला जाणारा मोटाररस्ता आज आहे. नकाशावर तो पाहिला की जाणवते, मधल्या मुक्कामांची नावे बरीचशी तीच आहेत.

स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला तिचीनो प्रांतात बावोना नावाचे एक अरुंद खोरे आहे. दोन्ही बाजूंना उंच कडे, खाली घरांएवढ्या शिळा, त्यांच्यामध्ये दगडी घरांची छोटी गावे. वर्षभराची वस्ती तिथून कधीच उठली, माणसे उन्हाळ्यापुरती येतात. गुरे वरच्या कुरणांवर नेण्यासाठी रचलेल्या दगडी पायऱ्यांवरून आज जगभरचे लोक चालायला जातात. त्या देशाने १९८४ ते २००३ या काळात आपल्या सगळ्या ऐतिहासिक वाटांची नोंद केली. जुने नकाशे आणि कागदपत्रे काढली, मग त्या वाटा प्रत्यक्ष चालून पाहिल्या, आणि २०१० मध्ये त्यांच्या रक्षणासाठी नियम लागू केले. एवढे करूनही डोंगर ऐकत नाही. २०२४ च्या जूनअखेरीला अतिवृष्टीत बावोनातल्या फोंताना या वस्तीवर दरड आली. आपल्याकडे २०२१ च्या जुलैत महाडजवळचे तळिये गाव दरडीखाली गेले आणि वरंध घाटाचा रस्ता तुटला, तेही असेच आभाळ फाटल्यासारख्या पावसात. रस्ता तुटल्यावर माणसे पायी कुठून वर जातील, हा प्रश्न त्या आठवड्यात पुस्तकी नव्हता.

आपल्याकडे घाटवाटांची नोंद मुख्यतः गिर्यारोहकांनी आणि दुर्गप्रेमींनी हौसेने केली आहे, आणि ते काम मोलाचे आहे. पण त्यांनाही वाट सांगणारे कोणी तरी गावात लागते. हे आम्हाला मानगडच्या परिसरात एका डिसेंबरात नीट कळले. आमच्याकडे नकाशा होता, त्यावर तुटक रेषा होती, हातात दिशादर्शक होता. तुटक रेषा करवंदीच्या जाळीत शिरली आणि संपली. दोन तास आम्ही त्याच सोंडेभोवती फिरत होतो. पायांना काटे, पाणी संपत आलेले, आणि आमच्यातला एक जण दर दहा मिनिटांनी नकाशा आडवा-उभा करून पाहत होता. शेवटी शेळ्यांमागे आलेल्या एका आजी भेटल्या. त्यांच्याबरोबर आठवीतला नातू होता, रविवार म्हणून आलेला.

“कुठं चाल्लाव मास्तर?” त्यांनी विचारले. गळ्यात पिशवी आणि डोळ्यांवर चष्मा असला की गावात माणूस मास्तरच असतो.

“घाटावर जायचं होतं, आजी. वाट सापडत नाही.”

“वाट हाय. पन आता कोन जातंय तिनं?”

आजी पुढे झाल्या. आम्ही जिथे तीनदा जाऊन परत आलो होतो, तिथेच एका शिळेच्या मागून त्या वळल्या आणि जाळीतून पलीकडे गेल्या. पलीकडे वाट होती. पावलांनी आणि खुरांनी घासून गुळगुळीत झालेले दगड, एका बाजूला रचलेला बांध. पदरावर पोहोचल्यावर त्यांनी टाके दाखवले. डिसेंबरातले नितळ पाणी, भिंतीवर छिन्नीचे तिरपे घाव, आणि वरच्या बाजूला हातभर जाडीचा विटकरी पट्टा. आम्ही पुस्तकात वाचलेले सगळे तिथे एका जागी होते. आजींना त्या पट्ट्याचे नाव माहीत नव्हते. त्या एवढेच म्हणाल्या, की लाल माती दिसली की पाणी असतेच.

त्यांचे माहेर घाटावरचे. लग्न होऊन खाली आल्या, तेव्हापासून दर वर्षी दिवाळीनंतर याच वाटेने वर जात. जाताना सुकट आणि मीठ, येताना नाचणी आणि हरभरा. म्हणजे आम्ही कुड्याच्या लेखांत ज्या व्यापाराच्या खुणा शोधत होतो, त्याचा शेवटचा तुकडा आमच्यासमोर उभा राहून शेळ्यांना हाका मारत होता. भाऊ वारला, वरचे घर बंद झाले, आणि आजींचे जाणे थांबले. नातवाने घाट चढलेला होता, पण ताम्हिणीचा आणि एसटीतून. आपल्या घरामागची ही वाट वर कुठे निघते, हे त्याला त्या दिवशी कळले.

आम्ही त्याला कोनमापक, दोरा आणि दगड यांचा साधा उतारमापक करून दिला : कोनमापकाच्या मध्यबिंदूला ओळंबा बांधायचा, त्याच्या सरळ कडेवरून वाटेच्या पुढच्या वळणावर उभ्या असलेल्या आपल्याच उंचीच्या माणसाचे डोके पाहायचे आणि दोरा ९० पासून किती अंश सरकला ते वाचायचे. टाक्याच्या खालच्या वळणावर त्याचा पहिला आकडा १५ आला, त्याच्या वरच्यावर १३. १४ हा आकडा आम्ही त्याला आधी सांगितला नव्हता.

पुढच्या वर्षी त्या मुलाने आणि त्याच्या वर्गातल्या चौघांनी एका वहीत वाटेची नोंद करून आम्हाला दाखवली. पायथ्यापासून माथ्यापर्यंत ३१ जागा, प्रत्येकीपुढे उतार, पाणी आहे की नाही, आणि आजीने सांगितलेले नाव. पहिली नोंद शिळेमागच्या वळणाची आहे. सातवी टाक्याची. आठवीपुढे उताराचा आकडा नाही, कारण जागा सपाट आहे. तिथे मुलाने लिहिले आहे की माहेरी जाताना आजी इथे सुकटीचे गाठोडे उतरवून टेकत असे.